फुप्फुसात पेशी भरपूर, तरी जंतू का मरत नाहीत?

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे इतर वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. सहा वर्षांची मुलगी, सिस्टिक फायब्रोसिस या आनुवंशिक आजाराचं निदान झालेलं. गेल्या महिन्यात दुर्बीण घालून फुप्फुसातलं पाणी तपासलं, त्यात न्यूट्रोफिल या पांढऱ्या पेशी ७८ टक्के निघाल्या आणि स्यूडोमोनास जंतू वाढला. रक्तातली इम्युनोग्लोब्युलिन, म्हणजे प्रतिपिंड, मात्र नॉर्मल. तुम्ही विचारता, जंतू मारणाऱ्या पेशी एवढ्या असताना जंतू मरत का नाहीत? जनुकाचा आजार आहे म्हणजे पेशीच बिघडलेल्या जन्मल्या का? तिची प्रतिकारशक्ती कमी आहे की जास्त? आणि घरची मंडळी म्हणतात तसं गुळवेल, च्यवनप्राश देऊन ती वाढवायची का?

मी २२ वर्षं लहान मुलांच्या फुप्फुसांचे आजार बघतो आहे. हा प्रश्न आईवडील वेगवेगळ्या शब्दांत विचारतात. 'कमी की जास्त' या मापात त्याचं उत्तर बसत नाही, म्हणून डॉक्टरांनी काहीही सांगितलं तरी मनातली शंका तशीच राहते. मी तो जरा फिरवून विचारतो: मूळ बिघाड पेशीत आहे, की पेशीला जिथे काम करावं लागतं त्या जागेत? सदोष जनुक शरीरातल्या प्रत्येक पेशीत असतं हे खरं, पण ते जनुक कुठल्या पेशीला किती लागतं यावर सगळं ठरतं. तुमच्या मुलीच्या आजारात बिघाड मुख्यतः जागेत आहे. उपचारांची दिशाही तिथूनच ठरते.

एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो. मी तुमच्या मुलीला तपासलेलं नाही, आणि ७८ हा आकडा एकटा फार काही सांगत नाही. दुर्बीण घातली त्या आठवड्यात तिला सर्दी-ताप होता का, आधीपासून अँटिबायोटिक चालू होतं का, पाणी फुप्फुसाच्या कुठल्या भागातून घेतलं, यावर तो बराच हलतो. पोटातलं अन्न वर येऊन श्वासनलिकेत उतरणाऱ्या मुलांतही न्यूट्रोफिल वाढतात. टक्क्यांबरोबर एका मिलिलिटरमध्ये एकूण पेशी किती होत्या हे लिहिलं असेल तर तेही बघा. तरीही ७८ टक्के न्यूट्रोफिल आणि सोबत स्यूडोमोनास हे चित्र या आजारात नेहमीचं आहे. तुमच्याच मुलीत काही जगावेगळं घडलंय असं समजू नका.

निरोगी फुप्फुसातून असं पाणी काढलं तर त्यातल्या बहुतेक पेशी, साधारण ८५ टक्के किंवा जास्त, मॅक्रोफेज असतात. न्यूट्रोफिल तीनेक टक्क्यांच्या आत. मॅक्रोफेज ही झाडलोट करणारी पेशी. वायुकोशांत तिची वस्ती जन्माच्या सुमारास बसते आणि पुढे बरीचशी तिथल्या तिथेच टिकून राहते. श्वासातून आलेली धूळ, चुकार जंतू, वायुकोश उघडे ठेवणारा आणि वापरून झालेला सर्फॅक्टंट नावाचा स्निग्ध द्रव, सगळं ती गाजावाजा न करता गिळत असते. न्यूट्रोफिलचं काम वेगळं. आपल्या हाडांच्या मगजात रोज साधारण १०,००० कोटी न्यूट्रोफिल तयार होतात, थोडा काळ रक्तात फिरतात आणि जिथून हाक येईल तिथे धावत जातात. जंतू गिळतात, मारतात, स्वतः मरतात, आणि त्यांची प्रेतं मॅक्रोफेज उचलतात. गुडघा खरचटल्यावर जमतो तो पू म्हणजे हेच. चार दिवसांत काम संपतं, खपली धरते. तुमच्या मुलीच्या श्वासनलिकेत हे काम संपतच नाही.

का संपत नाही? या आजाराचं जनुक सातव्या गुणसूत्रावर आहे. त्याचं नाव सीएफटीआर, ते १९८९ मध्ये सापडलं. पेशीच्या आवरणातून क्लोराइड आणि बायकार्बोनेट ये-जा करतात ती वाट हे जनुक घडवतं. श्वासनलिकेच्या आतल्या अस्तरावर पातळ पाण्याचा थर असतो, त्याची जाडी मिलिमीटरच्या शंभराव्या भागाहूनही कमी. त्या पाण्यात सूक्ष्म केस हलत असतात आणि वरचा चिकट थर घशाकडे ढकलत राहतात. क्लोराइडची वाट बंद झाली की हे पाणी आटतं, चिकट थर घट्ट होऊन अस्तरालाच चिकटतो. बायकार्बोनेट कमी पडल्याने तिथली आम्लता वाढते. अमेरिकेतल्या आयोवा विद्यापीठातल्या संशोधकांनी २००८ मध्ये सीएफटीआर नसलेली डुकरं तयार केली. त्यांच्या नवजात पिल्लांच्या फुप्फुसांत सूज नव्हती, पण जंतू सोडल्यावर निरोगी पिल्लं ते जसे साफ करायची तसे यांना जमत नव्हते. पुढे लक्षात आलं की त्या जास्त आम्ल पाण्यात अस्तराची स्वतःची जंतुनाशक प्रथिनं दुबळी पडतात. म्हणजे गोष्ट सुरू झाली ती अस्तरापासून, पांढऱ्या पेशी तिथे यायच्याही आधी.

माणसाच्या बाळांत हे इतकं सरळ दिसत नाही. काही तान्ह्या बाळांच्या फुप्फुसात जंतू सापडत नाही आणि तरी न्यूट्रोफिल वाढलेले असतात. आधी जंतू की आधी सूज, यावर आमच्या क्षेत्रात पुष्कळ वाद झाले. माझं मत असं की साचलेला कफ हाच अस्तराला टोचत राहतो. कफाने श्वासमार्ग तुंबला की तिथल्या पेशींना प्राणवायू कमी मिळतो, त्या मरतात आणि मरताना धोक्याची हाक देतात. जंतू त्यात नंतर तेल ओततो. तुमच्यासाठी याचा व्यवहारातला अर्थ एवढाच की कफ साफ करण्याचं काम जंतू सापडेपर्यंत थांबत नाही.

हाक देण्याचं मुख्य रसायन इंटरल्युकिन-८. ते रक्तातले न्यूट्रोफिल ओढून घेतं. ते येतात, घट्ट कफात शिरतात आणि अडकतात. इथून पुढे जे होतं ते या सगळ्या गोष्टीचं मर्म आहे, म्हणून जरा सावकाश सांगतो.

न्यूट्रोफिलच्या पोटात सूक्ष्म पुरचुंड्या असतात. त्यातलं सगळ्यात जहाल द्रव्य म्हणजे इलॅस्टेज. प्रथिनं कापणारं हे रसायन गिळलेल्या जंतूवर पेशीच्या आतल्या आत ओतलं जावं अशी योजना आहे. पण कफात जंतूंचे पुंजके मोठे, त्यांच्याभोवती बुळबुळीत आवरण. एका न्यूट्रोफिलला ते गिळता येत नाहीत. मग पुरचुंड्या बाहेरच रिकाम्या होतात. त्यातून सुटलेलं इलॅस्टेज जंतूपेक्षा आपल्याच घराचं नुकसान जास्त करतं. श्वासनलिकेची भिंत ज्या लवचीक तंतूंनी बांधलेली असते ते तंतू कापतं. अस्तराला आणखी कफ बनवायला लावतं. आणखी इंटरल्युकिन-८ सोडायला लावतं, म्हणजे आणखी न्यूट्रोफिल येतात. जंतूवर चिकटून 'याला गिळा' अशी खूण करणाऱ्या प्रतिपिंडांचे तुकडे करतं. न्यूट्रोफिलच्या स्वतःच्या अंगावरचे, जंतू ओळखणारे ग्राहकही (रिसेप्टर) कापून टाकतं.

तुमच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर इथे आहे. रक्तात तिचे प्रतिपिंड नॉर्मल आहेत आणि ते फुप्फुसात पोहोचतातही. पण पोहोचलेले प्रतिपिंड तिथे कापले जातात, आणि पोहोचलेल्या पेशी आंधळ्या होतात. आकडा वाढतो, काम होत नाही.

निरोगी माणसात इलॅस्टेजला आवर घालायला अल्फा-१ अँटिट्रिप्सिन नावाचं प्रथिन असतं. ते यकृतात बनतं आणि रक्तातून फुप्फुसात येतं. तुमच्या मुलीच्या शरीरात ते बहुधा पुरेसं बनत असेल. पण इतक्या इलॅस्टेजपुढे ते अपुरं पडतं. ऑस्ट्रेलियातल्या पर्थ आणि मेलबर्नच्या डॉक्टरांनी जन्मतःच निदान झालेली बाळं वर्षानुवर्षं तपासली. २०१३ मध्ये त्यांनी दाखवलं की ज्या बाळांच्या फुप्फुसातल्या पाण्यात वयाच्या तिसऱ्या महिन्यातच मोकळं इलॅस्टेज सापडलं, त्यांच्या श्वासनलिका पुढे कायमच्या रुंद आणि ढिल्या होण्याचा धोका जास्त होता. हा अभ्यास वाचल्यापासून मी 'मूल वरून छान दिसतंय, सध्या थांबू' असं म्हणणं सोडून दिलं.

मेलेल्या न्यूट्रोफिलचंही एक प्रकरण आहे. नीट मरणारी पेशी सुकल्या पानासारखी आक्रसते आणि मॅक्रोफेज तिला गिळते. इथे पेशी फुटतात आणि त्यांच्या आतले डीएनएचे लांब धागे कफात पसरतात. काही न्यूट्रोफिल तर जंतूला अडकवायला स्वतःच्या डीएनएचं जाळं मुद्दाम बाहेर फेकतात. या धाग्यांनी कफ दोरीसारखा चिवट होतो. तुमच्या मुलीचा बेडका हिरवट दिसत असेल तर तो रंगही न्यूट्रोफिलमधल्याच एका लोहयुक्त एन्झाइमचा, मायलोपेरॉक्सिडेजचा.

मॅक्रोफेजची अवस्था याहून दयनीय. ज्या खुणेवरून मेलेली पेशी ओळखायची तो ग्राहक इलॅस्टेजने कापलेला, आणि उचलायची प्रेतं रोजच्या हजारपट. झाडलोट मागे पडते आणि मॅक्रोफेज शांतपणे काम करणं सोडून स्वतःच धोक्याची हाक देऊ लागते.

'पण जनुक तर पेशीतही बिघडलेलं आहे ना?' हा तुमचा प्रश्न अगदी रास्त आहे. सीएफटीआर न्यूट्रोफिल आणि मॅक्रोफेजमध्येही थोडं असतं. न्यूट्रोफिल जंतू मारायला जे ब्लीचसारखं रसायन बनवतो त्याला क्लोराइड लागतं, आणि या आजारात जंतू गिळलेल्या पिशवीत ते कमी पोहोचतं असं प्रयोगांत दिसलं आहे. मॅक्रोफेजच्या पिशवीतली आम्लता बिघडते का, यावर तर दोन प्रयोगशाळांचे निष्कर्ष एकमेकांच्या उलट आले होते. तेव्हा पेशीचा थोडा दोष आहे. तरीही मी जागेलाच मुख्य जबाबदार धरतो, आणि त्याला तीन कारणं आहेत.

पहिलं कारण तुम्ही घरीच तपासू शकता. मुलीला त्वचेवर गळवं वारंवार होतात का? मेंदूज्वर, सांध्यात पू, रक्तात जंतू, असं काही झालं का? बहुधा नाही. पेशीच मुळात बिघडलेल्या असत्या तर त्या अंगभर निकामी ठरल्या असत्या. या मुलांत फुप्फुस जंतूंनी भरलेलं असतानाही जंतू रक्तात क्वचितच उतरतात. दुसरं, अटलांटाच्या एमोरी विद्यापीठातल्या प्रयोगशाळेने निरोगी माणसांचे न्यूट्रोफिल घेतले आणि त्यांना अस्तराच्या थरातून पार करून सिस्टिक फायब्रोसिसच्या रुग्णांच्या कफातल्या द्रवात उतरवलं. काही तासांतच ते रुग्णाच्या न्यूट्रोफिलसारखे वागू लागले, पुरचुंड्या बाहेर रिकाम्या करणारे आणि जंतू मारण्यात मंद. जनुक ठणठणीत, तरी त्या जागेत गेल्यावर पेशी बिघडली. तिसरं कारण मला सगळ्यात पटतं. या आजारात फुप्फुस बदललं तर नव्या फुप्फुसात सिस्टिक फायब्रोसिस पुन्हा होत नाही. तिथे येणारे न्यूट्रोफिल रुग्णाचेच असतात, जुन्याच जनुकाचे. अस्तर मात्र दात्याचं. प्रत्यारोपणाचे दुसरे त्रास होतात, पण हा आजार तिथे परतत नाही.

याच्या नेमकं उलट उदाहरण मी आयुष्यात एकदाच जवळून पाहिलं. लहान मुलगी, सतत धाप, ओठ निळसर. आधी तिला क्षयाची औषधं देऊन झालेली. दुर्बिणीतून पाणी काढलं तर ते ताकासारखं पांढरं. वायुकोश सर्फॅक्टंटने भरलेले होते. हा आनुवंशिक अल्व्हिओलर प्रोटिनोसिस. मॅक्रोफेजला पिकवणारा जीएम-सीएसएफ नावाचा संदेश असतो, तो ऐकणारा ग्राहकच तिच्या पेशींवर सदोष होता. मॅक्रोफेज वस्तीला होत्या, पण वापरलेला सर्फॅक्टंट पचवायची ताकद त्यांच्यात आली नव्हती. इथे जागा चांगली, पेशी बिघडलेली. म्हणून अशा रुग्णात फुप्फुस बदलल्यावरही आजार परत आल्याची नोंद आहे, कारण नव्या फुप्फुसात हळूहळू रुग्णाच्याच मॅक्रोफेज वस्तीला येतात. उपचार म्हणजे भूल देऊन एकेक फुप्फुस सलाइनने धुणं. मोठ्या माणसात एका फुप्फुसाला १० लिटरच्या वर सलाइन सहज लागतं. आणि संशोधनाची दिशा आहे निरोगी मॅक्रोफेज बाहेरून नेऊन सोडण्याची. उंदरांत ते २०१४ मध्ये जमलं.

आणखी एक आनुवंशिक आजार यात तिसऱ्या जागी बसतो. वर ज्या अल्फा-१ अँटिट्रिप्सिनचं नाव घेतलं, तेच ज्यांच्यात जन्मतः कमी असतं त्यांचा. स्वीडनमधल्या माल्मो इथे १९६३ मध्ये तो ओळखला गेला. यात अस्तर चांगलं, न्यूट्रोफिल चांगले. आवर घालणारं प्रथिन तेवढं यकृतातून बाहेर पडत नाही. या आजारात सिगारेट ओढणाऱ्यांची फुप्फुसं चाळिशीतच पोखरली जातात. आपल्याकडे हा आजार दुर्मीळ आहे, पण इलॅस्टेजला मोकळं सोडलं तर काय होतं हे मला सर्वांत स्पष्ट याच आजाराने शिकवलं.

आतापर्यंतचं दोन ओळीत: तुमच्या मुलीच्या पेशी दुबळ्याही नाहीत आणि अतिशूरही नाहीत. त्या पाणी आटलेल्या, तुंबलेल्या जागेत पोहोचतात, तिथे बिघडतात आणि बिघडून ती जागा आणखी खराब करतात.

आता औषधांकडे येऊ. पेशी जास्त येऊन नुकसान करतात, तर त्यांना येऊच देऊ नये, हा विचार कुणालाही सुचेल. मलाही सुचला होता. माझ्या सुरुवातीच्या वर्षांत एका मुलाला मी लांबलचक काळ तोंडाने स्टिरॉइड दिली. त्याचा खोकला खरंच कमी झाला आणि मी समाधानात होतो. मग एकदा त्याची आई सहज म्हणाली की शाळेचा गणवेश सलग दोन वर्षं बदलावा लागला नाही. उंचीचा तक्ता काढून बघितला तर रेघ आडवी झाली होती. अमेरिकेत मोठ्या अभ्यासातही हेच दिसलं, एक दिवसाआड स्टिरॉइडने श्वासाची ताकद काही काळ टिकली, पण उंची खुंटली आणि काहींना मोतीबिंदू झाले. तेव्हापासून प्रत्येक मुलाचा उंचीचा तक्ता मी ठेवतो, प्रत्येक भेटीत त्यावर खूण करतो. पुढे न्यूट्रोफिलला बोलावणारा ल्यूकोट्राइन बी-४ हा संदेश अडवणाऱ्या औषधाची चाचणी झाली. ती मध्येच थांबवावी लागली, कारण औषध घेणाऱ्यांत छातीचा आजार बळावण्याचं प्रमाण वाढलं. या पेशी घाण करतात, पण जंतूंना रक्तात उतरू न देणाऱ्याही त्याच आहेत. त्यांना हाकलून चालत नाही.

आणि वाढवूनही चालत नाही. मोरी तुंबलेली असताना बादल्यांनी आणखी पाणी ओतल्यासारखं ते होईल. च्यवनप्राशमध्ये साखर बरीच असते. मधुमेह नसेल आणि मुलीला आवडत असेल तर चमचाभर खाल्ल्याने बिघडत नाही, पण त्याने फुप्फुसातलं काही बदलत नाही. गुळवेलीबाबत मी ठाम नाही म्हणतो. मुंबईतल्या यकृततज्ज्ञांनी २०२१ मध्ये गुळवेल घेतल्यानंतर यकृताला सूज आलेल्या रुग्णांची नोंद प्रसिद्ध केली. आयुष मंत्रालयाने तो निष्कर्ष मान्य केला नाही. पण सिस्टिक फायब्रोसिसमध्ये यकृताला आधीच धोका असतो, आणि ज्या मुलीची प्रतिकारशक्ती मुळात कमीच नाही तिला ती वाढवण्यासाठी हा धोका का पत्करायचा? घरच्यांचा हेतू प्रेमाचा आहे हे मला माहीत आहे. त्यांना त्या प्रेमाला एखादं काम द्या. आजीला छातीवर थापटायचं तंत्र फिजिओथेरपिस्टकडून शिकवा. माझ्या एका पेशंटची आजी हे काम इतकं नेमाने करते की आई नोकरीवर निश्चिंत जाऊ शकते.

खरा उपचार जागा साफ करण्याचा. रोज दोनदा छातीचा फिजिओ, ताप असो-नसो. त्याआधी तीव्र मिठाच्या पाण्याची वाफ, नेब्युलायझरमधून. मीठ अस्तरावर पाणी ओढून आणतं. काही मुलांची श्वासनली यामुळे आवळते, म्हणून पहिला डोस दवाखान्यात आणि आधी श्वासनली मोकळी करणारं औषध देऊन घ्या. तीन टक्के चालेल की सात, हे मूल किती सोसतं त्यावर ठरतं. दुसरं औषध डॉर्नेज अल्फा. अमेरिकेत ते १९९३ पासून मंजूर आहे. वर सांगितलेले मेलेल्या न्यूट्रोफिलच्या डीएनएचे धागे हे एन्झाइम कापतं, चिवट बेडका सुटतो. ते महाग आहे. २०२१ च्या राष्ट्रीय दुर्मीळ आजार धोरणात सिस्टिक फायब्रोसिसचा समावेश आहे आणि मुंबईचं केईएम रुग्णालय त्या धोरणाखालचं एक उत्कृष्टता केंद्र आहे. तिथे नोंदणी कशी करायची ते तुमच्या डॉक्टरांना विचारा; कागदपत्रांना वेळ लागतो, म्हणून अर्ज लवकर करा.

स्यूडोमोनास पहिल्यांदाच सापडला असेल तर तो मुळापासून घालवायची संधी हीच आहे. टोब्रामायसिन हे अँटिबायोटिक नेब्युलायझरमधून २८ दिवस ही एक प्रचलित पद्धत. कोर्स संपल्यावर पुन्हा कल्चर, म्हणजे कफातला जंतू वाढवून बघण्याची तपासणी, झालीच पाहिजे. हा जंतू रुळला आणि त्याने बुळबुळीत आवरण घेतलं की मग तो हटत नाही. आधीही सापडला असेल तर विचार वेगळा करावा लागतो.

सूज सौम्यपणे कमी करणारं, आणि मी खरोखर वापरतो असं औषध म्हणजे ॲझिथ्रोमायसिन, आठवड्यातून तीन दिवस. स्यूडोमोनास रुळलेल्या रुग्णांत त्याचा फायदा २००३ च्या अमेरिकी चाचणीत दिसला. सुरू करण्याआधी कफात क्षयाच्या जातकुळीतले इतर मायकोबॅक्टेरिया नाहीत ना, हे तपासून घ्यायचं, नाहीतर एकट्या औषधाने ते निबर होतात. जास्त मात्रेतलं आयबुप्रोफेनही परदेशात वापरलं गेलं, पण त्याला रक्तातली पातळी मोजत राहावं लागतं. माझ्याकडे ती सोय नाही, म्हणून मी देत नाही. तुम्हीही मनाने देऊ नका. इलॅस्टेज तयार होतानाच अडवणारं ब्रेन्सोकॅटिब नावाचं औषध २०२५ मध्ये अमेरिकेत मंजूर झालं. ते सिस्टिक फायब्रोसिस सोडून इतर कारणांनी श्वासनलिका रुंद झालेल्यांसाठी आहे. पण वर्षानुवर्षं आम्ही ज्या इलॅस्टेजवर बोट ठेवत होतो, त्यालाच आवर घालणारं औषध हाती आलं, याचा मला मनापासून आनंद आहे.

सगळ्यात मोठा बदल घडवला तो क्लोराइडची वाटच दुरुस्त करणाऱ्या गोळ्यांनी. २०१२ मध्ये आयव्हाकॅफ्टर आलं, २०१९ मध्ये तीन औषधांची एकत्र गोळी. अस्तर सुधारलं की कफातलं इलॅस्टेज उतरतं आणि जंतूही कमी होतात. मूळ दोष जागेत आहे, याचं यापेक्षा चांगलं प्रमाण नाही. मात्र सूज पूर्ण जात नाही, आणि रुंद झालेली श्वासनलिका पूर्ववत होत नाही. या गोळ्या मुलीला लागू पडतील का, हे तिच्या जनुकाच्या रिपोर्टवर अवलंबून आहे. युरोपीय वंशाच्या बहुतेक रुग्णांत एफ-५०८-डेल या बदलाची निदान एक तरी प्रत असते. भारतीय मुलांत तिचं प्रमाण कमी आहे आणि दुर्मीळ बदल जास्त दिसतात. दोन्ही प्रतींचे बदल कोणते, हे रिपोर्टमध्ये लिहिलेलं नसेल तर पूर्ण जनुकाची तपासणी करून घ्या. किंमत सामान्य कुटुंबाच्या आवाक्याबाहेर आहे हे मला रोज दिसतं, पण रिपोर्ट हातात असला तर मदतीची दारं ठोठावता येतात.

लसी सगळ्या द्या. तिची रक्तातली प्रतिकारशक्ती चांगली असल्यामुळे लस तिला चांगली लागू पडते. फ्लूची दर वर्षी, न्यूमोकोकसचीही. साध्या सर्दीच्या विषाणूनेही न्यूट्रोफिलची नवी लाट येते, म्हणून फ्लूची लस तिला इतर मुलांपेक्षा जास्त गरजेची आहे. दर तीन महिन्यांनी कफाचं कल्चर. घरघर अचानक वाढली आणि तपकिरी गुठळ्या पडू लागल्या तर आयजीई, म्हणजे ॲलर्जीत वाढणारं रक्तातलं प्रतिपिंड, तपासा. ॲस्परजिलस बुरशीची ॲलर्जी असू शकते. त्यात इओसिनोफिल नावाच्या दुसऱ्याच पेशींचा खेळ असतो आणि तिथे स्टिरॉइड द्यावंच लागतं. घरात कुणी विडी-सिगारेट ओढत असेल तर ते आजपासून बंद.

वजनाकडे लक्ष असू द्या. कुपोषित मुलीचं फुप्फुस वरच्या कुठल्याच उपचाराला नीट प्रतिसाद देत नाही. जेवणाबरोबरची पचनाच्या एन्झाइमची कॅप्सूल चुकवू नका, तूप-लोणी कमी करू नका. आणि मीठ. १९४८ च्या उन्हाळ्यात न्यूयॉर्कमध्ये उष्णतेची लाट आली, तेव्हा उन्हाने कोसळून दाखल झालेल्या मुलांत सिस्टिक फायब्रोसिसची मुलं डोळ्यांत भरण्याइतकी होती. त्या धाग्यावरूनच घामातल्या जास्त मिठाचा शोध लागला आणि पुढे स्वेट टेस्ट आली. आपल्याकडे मार्च ते जून हे चार महिने तसेच असतात. विदर्भ-मराठवाड्यात राहत असाल तर जास्तच. जेवणात वरून मीठ आणि दिवसातून दोन-तीनदा मीठ घातलेलं ताक किंवा लिंबू सरबत. नेमकं किती ते वजनावरून डॉक्टर सांगतील. सुस्ती, उलट्या, पाय वळणं असं झालं तर घरी वाट न बघता रक्तातले क्षार तपासा.

शेवटी तुम्ही ओझरतं विचारलंय ते, दुसऱ्या मुलाबद्दल. तुम्हा दोघांकडे या जनुकाची एकेकच सदोष प्रत आहे, दुसरी चांगली आहे, म्हणून तुम्ही निरोगी आहात. प्रत्येक गरोदरपणात आजाराची शक्यता चारात एक. मुलीचे दोन्ही बदल नक्की कळले असतील तर गर्भजल किंवा वारेचा नमुना तपासून आधी कळू शकतं, पण ती तयारी गरोदरपणाच्या आधी झालेली बरी. मुलीच्या जनुकाचा रिपोर्ट आणि तुमच्या दोघांचं रक्त घेऊन जनुक-सल्लागाराकडे जा. आणि मुलीचा शेवटचा कल्चर रिपोर्ट, वजन-उंचीचे आकडे, सध्याच्या औषधांची यादी इथेच लिहिलीत तर स्यूडोमोनासच्या कोर्सबद्दल मी अधिक नेमकं सांगू शकेन.